तळ्याचं वास्तुशास्त्र

मिनेसोटात वसंत ऋतू दोनदा येतो. पहिला कॅलेंडरवर, २० मार्चच्या सुमाराला. त्या दिवशी तळ्यांवर बहुधा दीड-दोन फूट बर्फ असतो, त्यामुळे या वसंताची दखल कॅलेंडर छापणाऱ्यांखेरीज कुणी घेत नाही. दुसरा आणि खरा वसंत येतो तो तळ्यावरचा बर्फ जातो त्या दिवशी. तो दिवस कुठला, हे कुठल्याच पंचांगात सापडत नाही. मिनिअ‍ॅपोलिसच्या पश्चिमेला मिनेटोन्का नावाचं मोठं तळं आहे. त्याचा बर्फ कधी गेला याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून ठेवलेल्या आहेत. १८७८ साली तो ११ मार्चला गेला, २०२४ साली १३ मार्चला, आणि २०१८ साली चक्क ५ मेला. आपल्याकडे अधिक महिना आला की गुढीपाडवा कुठल्या कुठे सरकला म्हणून आपण कुरकुरतो. इथं अख्खा ऋतूच जवळजवळ दोन महिने मागंपुढं होतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

बर्फ ‘गेला’ हे ठरवायचं कुणी, हाही एक प्रश्नच. मिनेटोन्काला इतके फाटे आणि इतक्या खाड्या आहेत की एका कोपऱ्यात बदकं पोहत असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात बर्फ ठाण मांडून असतो. तिथला नियम असा, की होडीनं सगळ्या भागांत विनाअडथळा जाता आलं की बर्फ गेला. त्यासाठी शेरीफची माणसं होडी घेऊन हिंडतात आणि मग रीतसर जाहीर करतात. लहान तळ्यांना इतका मान नाही. तिथं काठावरच्या घरातले एखादे आजोबा सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी येतात, बाहेर बघतात आणि वहीत तारीख लिहितात. राज्याचं निसर्गसंपदा खातं अशाच हौशी माणसांकडून तारखा गोळा करतं.

एकदा बर्फ गेला की या राज्यातल्या अबोल, सभ्य, वेळेवर कर भरणाऱ्या माणसांना गरवायला जायचा ज्वर चढतो. मात्र इथला मानाचा मासा म्हणजे वॉलाय, मिनेसोटाचा राज्यमत्स्य, आणि त्याचा हंगाम मेच्या मध्यापर्यंत बंद असतो. ज्या शनिवारी तो उघडतो त्या दिवशी खुद्द गव्हर्नर गळ टाकून बसतात. ही प्रथा १९४८ पासूनची. माझे सासरे मालवणचे. त्यांना हे सगळं समजावून सांगायला मी घसा साफ केला, तर पहिल्याच वाक्याला ते म्हणाले, “म्हणजे आमची नारळी पुनव.” गव्हर्नर पाण्याला नारळ देत नाहीत, एवढाच काय तो फरक. २०१३ साली तर उत्तरेकडच्या बऱ्याच तळ्यांवर त्या शनिवारीसुद्धा बर्फ होता. नारळ दिला असता तर तो वरच राहिला असता.

बर्फ जाण्यापासून गव्हर्नर बसेपर्यंत मधले जे काही आठवडे मिळतात, ते क्रॉपी आणि सनफिश या दोन माशांचे. दोन्ही चपटे, तळहाताएवढे किंवा थोडे मोठे, तव्यात बसतील असे. यांना वर्षभर परवानगी आहे. परवाना आहे, गळ आहे, आमिष आहे. आता फक्त तळं ठरवायचं.

मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. मोजली तर ती ११,८४२ भरतात. वरची १,८४२ तळी या लोकांनी निव्वळ विनयापोटी सोडून दिली आहेत. शिवाय ही मोजणी दहा एकरांच्या वरच्या तळ्यांची. त्याहून लहान असेल तर इथं त्याला कुणी तळं म्हणून हिशेबात धरत नाही. मी पुण्यात वाढलो. मला तळी ठाऊक होती ती पाषाणचं, कात्रजचं आणि सारसबागेचं, आणि त्यातल्या शेवटच्याचं तर तळं जाऊन बाग झाली, फक्त नावाला तळ्यातला गणपती उरला. अशा माणसापुढे जवळजवळ बारा हजारांची यादी ठेवून ‘निवड’ म्हणणं हा सरळसरळ छळ आहे.

आमच्या मराठी मंडळींनी या छळावर एक्सेलचा उतारा काढला. मंडळातल्या एका उत्साही गृहस्थांनी तक्ता तयार केला. त्यात रकाने होते: घरापासूनचं अंतर, पार्किंग, स्वच्छतागृह, बसायला बाक, जवळपास चहा, आणि वाटेत भारतीय किराणा लागतो का. प्रत्येक रकान्याला गुण होते, गुणांना वजन होतं, शेवटी बेरीज होती. मासा हा रकाना नव्हता. कुणीतरी तसं सुचवलं, तेव्हा ते म्हणाले की तो घटक आपल्या हातात नाही, आणि जे आपल्या हातात नाही ते मॉडेलमध्ये घ्यायचं नसतं. तक्त्यानुसार पहिलं आलेलं तळं खरोखर उत्तम होतं. निळंशार, खोल, तळाला स्वच्छ वाळू, दोन्ही अंगांना सूचिपर्णी झाडं. मंडळी गेली, पोह्यांचे डबे उघडले, आल्याचा चहा झाला, सामूहिक फोटो झाला. मासे त्या दिवशी चाळीस फूट खाली थंड पाण्यात स्वस्थ बसले होते आणि वर काय चाललं आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. सहल म्हणून मी त्या तक्त्याला पूर्ण गुण देईन.

माझ्या शेजाऱ्याचं तंत्र याच्या नेमकं उलट. वय सत्तरीच्या पुढचं, पूर्वज नॉर्वेचे, आणि दिवसाला शब्दांचा कोटा ठरलेला. एप्रिल लागला की मात्र तो कोटा सैल होतो. तळं कसं बघावं हे त्यानं मला कुंपणावरून, हप्त्याहप्त्यानं सांगितलं, आणि ऐकता ऐकता मला कोथरूडच्या मावशीची आठवण येऊ लागली, कारण मावशी वास्तुशास्त्र बघते. तळ्याचं तोंड कुठं, पाणी आत कुठून येतं, उत्तर बाजू मोकळी आहे की झाकलेली, तळाचा रंग कोणता, सावली कुठल्या अंगाला पडते. माणूस फ्लॅट घ्यायला निघालाय की मासे धरायला, हेच कळेना. फरक इतकाच की मावशीला ‘का’ विचारलं तर ती रागावते आणि शेजाऱ्याकडे प्रत्येक ‘का’ला उत्तर असतं.

त्याचं पहिलं सूत्र: उत्तरेचा काठ. मी मावशीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग? उत्तर दिशा कुबेराची.” शेजाऱ्याचं म्हणणं वेगळं. इतक्या उत्तरेला एप्रिलातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिण काठावरची झाडं आपल्याच पाण्यावर सावली धरतात आणि समोरचा उत्तर काठ दिवसभर ऊन खात बसतो. बर्फही आधी तिथलाच सुटतो. काठामागची झाडं उत्तरेचा बोचरा वारा अडवतात, आणि दक्षिणेचा वारा सुटला तर तळ्याच्या वरच्या थराचं कोमट पाणी ढकलत ढकलत याच काठाला आणून सोडतो. सारांश, कुबेर आणि क्रॉपी एकाच काठाला राहतात.

दुसरं सूत्र ऐकून आमचे एक्सेलवाले गृहस्थ आजारी पडतील. तळ काळा हवा, चिखलाचा हवा आणि पाणी उथळ हवं. वाळूचा तळ दिसायला देखणा, पण तो ऊन परतवून लावतो. काळा चिखल ते पिऊन टाकतो आणि वरचं चार-पाच फूट पाणी आतून शेकतो. त्याच चिखलात चिलटांच्या अळ्या असतात. पाणी तापलं की त्या वर येऊ लागतात, त्यांच्यामागे बारीकसारीक मासळी येते, आणि तिच्यामागे क्रॉपी. अंडी घालायला तो यानंतर बऱ्याच दिवसांनी, पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर येतो. आत्ता १० अंशांच्या आसपास तो येतो तो निव्वळ जेवायला. हिवाळाभर बर्फाखाली जेमतेम खाऊन काढलेला प्राणी पहिल्या गरम ताटावर येणारच. खोल तळ्यांना हे परवडत नाही. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं, म्हणून बर्फ गेल्यावर वरचं पाणी तापत तापत ४ अंशाला आलं की जड होऊन खाली बसतं आणि खालचं वर येतं. सगळं तळं एकसारखं होईपर्यंत ही उलथापालथ चालते. तळं जितकं खोल आणि मोठं, तितका हा संसार लांबतो. सुपीरिअर सरोवर तेराशे फुटांहून खोल आहे. पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा तेच बघायचं म्हणतो, आणि ते बघावंच. फक्त बघावं.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं: उथळ, काळं, लहान तळं शोधा आणि बसा. पण शेजाऱ्याच्या शास्त्रात एक पाचर आहे, आणि ती ऐकून मला या माणसाबद्दल खरा आदर वाटू लागला. जे तळं वसंतात सगळ्यांत आधी तापतं, तेच हिवाळ्यात सगळ्यांत आधी मरतं. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की ऊन आत शिरत नाही, पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू करायच्या थांबतात आणि तळाशी कुजणारा पालापाचोळा असलेला प्राणवायू संपवत जातो. उथळ तळ्यात तो मुळातच बेताचा. मार्चपर्यंत सगळी प्रजा गुदमरते. बर्फ गेल्यावर काठाला पांढरी पोटं तरंगताना दिसतात आणि गिधाडांसकट सगळ्यांची चंगळ होते. असं होऊ नये म्हणून काही तळ्यांत हवा सोडणारे पंप बसवतात. पण त्यामुळे तिथला बर्फ इतका पातळ राहतो की ‘इकडे चालू नका’ अशा पाट्या लावाव्या लागतात. तेव्हा हा गृहस्थ तळ्यावर गेला की गळ गाडीतच ठेवतो. आधी काठाकाठानं एक फेरी मारतो आणि नाक वर करून वास घेतो. मेलेले मासे मोजतो. मग बगळ्यांकडे बघतो. बगळा उभा असेल तर पाण्यात काहीतरी जिवंत आहे, कारण बगळा एक्सेल करत नाही.

या पाचरीवरचा त्याचा तोडगा असा, की निव्वळ उथळ तळं घ्यायचंच नाही. उथळ खाडी घ्यायची, जी एखाद्या अरुंद पाण्यानं मोठ्या खोल तळ्याला जोडलेली आहे. मासे हिवाळा खोलीत काढतात आणि एप्रिलात या खाडीत येतात. जोडणाऱ्या पाण्यावर एखादा लहान पूल असला तर फारच उत्तम. पुलाखालच्या त्या चिंचोळ्या वाटेनं प्रत्येक माशाला जावंच लागतं. अशा जागा नकाशावर सापडतात. निसर्गसंपदा खात्यानं तळ्यातळ्याचे खोलीचे नकाशे, जाळ्यात काय किती आलं, पाणी किती फुटांपर्यंत स्वच्छ दिसतं, मासे कधी सोडले, हे सगळं लोकांसाठी मोफत ठेवलं आहे. हिवाळ्याच्या रात्री मी ते वाचत बसतो. कादंबरीपेक्षा बरं असतं. पात्रं बोलत नाहीत.

सासऱ्यांना यातलं काहीही पटलं नाही. उन्हाळ्यात लेकीकडे येणारे इतर सासरे जून-जुलै निवडतात. हे मुद्दाम एप्रिलात आले, कारण पावसाळ्याआधी परत जायचं होतं. मी नकाशे पसरून बसलेला पाहून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “समुद्र एकच असता. ह्यो बरो की त्यो बरो, असो प्रश्नच येणा नाय.” रापणीला हात लावलेल्या माणसाचं हे म्हणणं मला खोडता येईना. परवाना काढायचा म्हटल्यावर तर ते उखडलेच. पाहुण्यालाही इथं परवाना लागतो. एका दिवसाचा मिळतो, पण लागतो. “पैशे देवन गरवूचा? आणि मासो नाय गावलो तर पैशे परत?” दुकानदारानं त्यांना परवान्याबरोबर नियमांचं पुस्तक दिलं आणि मी त्यातला मुख्य नियम वाचून दाखवला: मोकळ्या पाण्यात एका माणसाला एकच गळ. सासरे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एका माणसाक एक गरी? मगे उरलेल्या हातान काय करूचा?” बर्फातून गरवायचं असेल तर दोन गळ चालतात, असं मी सांगितलं. त्यासाठी उणे वीस अंशांत तळ्याच्या मधोमध बसावं लागतं, हे सांगितल्यावर त्यांनी एकावर समाधान मानलं.

या वासंतिक मासेमारीची सर्वांत मोठी खुबी मात्र अजून सांगायची राहिली. मासेमारी म्हटलं की पहाटे चारचा गजर, अंधारात शोधलेले मोजे, थर्मास, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. उन्हाळ्यात ते खरंही असतं. पण एप्रिलात पहाटेचं पाणी रात्रभर थंड झालेलं असतं आणि माशांना कशातच गोडी नसते. ऊन चढतं, काळा चिखल तापतो, दुपार कलते आणि मग तीन-चारच्या सुमाराला क्रॉपी उथळ पाण्यात येतो. ओळीनं दोन-तीन दिवस ऊन पडलं असेल तर तो खात्रीनं येतो. नंतर एकच थंडीची लाट आली की पुन्हा खोल जाऊन बसतो. म्हणजे पुणेकराला हवं तसंच. जेवण, वामकुक्षी, चहा, मग तळं. दुपारी एक ते चार बंद राहण्याची जी पद्धत आपल्या दुकानदारांनी पाळली आणि जगाची थट्टा सोसली, ती या माशानं आधीपासून पाळलेली आहे. पहाटे उठून अंधारात तळ्यावर बसलेली माणसं मला एप्रिलातही दिसतात. मी कुणाला काही बोलत नाही. ज्याची त्याची श्रद्धा.

राहता राहिला गुपिताचा मुद्दा. मिनेसोटाचा माणूस रस्त्यात गाडी बंद पडली तर हिमवादळात थांबून मदत करील, जॅकेट काढून देईल, घरी नेऊन जेवू घालील. पण ‘हे मासे कुठं मिळाले?’ असं विचारलंत की तो नजर क्षितिजाकडे वळवतो आणि म्हणतो, “एका तळ्यावर.” वर आणखी आग्रह केला तर “उत्तरेकडच्या.” इथं दक्षिणेकडच्या टोकाला उभं राहिलं की अख्खं राज्यच उत्तरेकडे असतं. यात फसवणूक कुठंच नाही. दिलेली माहिती पूर्ण खरी आणि पूर्ण निरुपयोगी असते. पुण्यात पत्ता विचारलेल्या माणसाला हे नवीन नाही, म्हणून मला या लोकांबद्दल पहिल्यापासून आपलेपणा वाटतो. स्तुतीचंही तसंच. एखादी गोष्ट अप्रतिम झाली तर इथली माणसं ती ‘अगदीच वाईट नाही’ असं म्हणतात. त्यापुढे त्यांची भाषा जात नाही.

शेजाऱ्यानं एकदा आपणहून आम्हा दोघांना आपल्या तळ्यावर नेलं. वाट लक्षात राहू नये म्हणून तो मुद्दाम लांबून गेला, असा माझा संशय आहे. सासऱ्यांना नियमांचं कोडं मात्र तिथंही सुटलं नाही. परतताना आमिषाचे उरलेले जिवंत मिनो मासे पाण्यात न सोडता कचऱ्यात टाकावे लागतात, आणि होडीचं बूच उघडून सगळं पाणी काठावरच सांडावं लागतं, नाहीतर एका तळ्याची कीड दुसऱ्या तळ्यात जाते. सासरे हे सगळं बघत म्हणाले की इतकी सोवळ्याओवळ्याची बाब त्यांनी देवळातही पाहिली नाही. पण क्रॉपी मिळाले, आणि ते त्यांनी स्वतः साफ केले. शेजारी ते पातळ काप काढून, पिठात बुडवून तळतो. सासऱ्यांनी काट्यासकट तुकड्या केल्या, हळद-मीठ-तिखट आणि आगळ लावलं, रव्यात घोळवून तव्यावर टाकल्या आणि शेजाऱ्याला वाढल्या. त्यानं घाम पुसत पुसत ताटली संपवली आणि म्हणाला, अगदीच वाईट नाही. सासऱ्यांनी विचारलं, काय म्हणता? मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या ताटलीतली तुकडी बोटानं दाबून बघितली. गोड्या पाण्यातला मासा, मीठ नाही, समुद्राचा वास नाही. शेवटी म्हणाले, “हां. अगदीच काय वायट नाय.”

तेव्हा, वाचकहो, एप्रिलात कधी इकडे आलात आणि कुणी हातात गळ दिला, तर निळ्याशार, देखण्या तळ्याच्या नादी लागू नका. उथळ, काळं, चिखलाचं, पण खोल पाण्याला जोडलेलं तळं बघा. उत्तरेचा काठ धरा, दक्षिणेचा वारा बघा, आणि दुपारची झोप झाल्याशिवाय निघू नका. शेजाऱ्याचं तळं कुठलं ते मी सांगणार नाही, कारण मला त्याच्या शेजारी राहायचं आहे. पण मी स्वतः जातो त्या तळ्याचं नाव तुमच्यापासून लपवायचं काही कारण नाही. त्याचं नाव मड लेक. मिनेसोटात या नावाची दोनशेहून अधिक तळी आहेत.